नाझारेनो स्ट्राम्पेल्ली

नाझारेनो स्ट्राम्पेल्ली (२९ मे १८६६, क्रिस्पिएरो - २३ जानेवारी १९४२, रोम) हे इटालियन कृषिशास्त्रज्ञ आणि गहू-पैदासकार होते. दूरदूरच्या देशांतील गव्हांचा संकर करून त्यांनी ठेंगणे, लवकर पक्व होणारे आणि अधिक उत्पादन देणारे वाण तयार केले. आर्दितो, मेंताना, व्हिला ग्लोरी, दामियानो किएझा व सान पास्तोरे हे त्यांचे प्रमुख मऊ गव्हाचे वाण, तर सेनातोरे काप्पेल्ली हा डुरम गव्हाचा वाण होय. खुजेपणाचे जनुक वापरून गव्हाचे उत्पादन वाढविण्याची कल्पना सामान्यतः १९६०च्या दशकातील हरितक्रांतीशी जोडली जाते. स्ट्राम्पेल्ली यांनी ती त्याच्या सुमारे चार दशके आधी शेतात उतरविली होती.

प्रारंभिक जीवन

स्ट्राम्पेल्ली यांचा जन्म मध्य इटलीतील मार्के प्रांतात, कास्तेलराइमोंदो नगराच्या हद्दीतील क्रिस्पिएरो या डोंगराळ गावी जमीनदार कुटुंबात झाला. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील निबंध छापला गेला तेही वर्ष १८६६च. मात्र त्या निबंधाची दखल घेतली जाण्यास पुढे चौतीस वर्षे लागली. १८९१ मध्ये पिसा येथून कृषिविज्ञानाची पदवी घेतल्यानंतर स्ट्राम्पेल्ली यांनी काही वर्षे निरनिराळ्या नोकऱ्या केल्या आणि नंतर कामेरिनो येथे अध्यापनास आरंभ केला.

कामेरिनो येथेच १९०० मध्ये त्यांनी गव्हाचा पहिला संकर केला. त्यासाठी निवडलेल्या दोन वाणांपैकी नोए हा फ्रान्समध्ये प्रचलित होता व त्याचे काड तुलनेने मजबूत होते. दुसरा, रिएती, हा तांबेऱ्याला दाद न देणारा इटालियन स्थानिक वाण होता. दोहोंचे गुण एकाच रोपात आणण्याचा हा सरळ हेतू होता. मेंडेल यांचे नियम युरोपात पुन्हा उजेडात आले ते त्याच वर्षी, परंतु स्ट्राम्पेल्ली यांना त्यावेळी त्यांची माहिती नव्हती. ती झाल्यावर मात्र त्यांनी आपली सारी कार्यपद्धती त्या नियमांवर उभी केली.

१९०० मध्येच त्यांचा विवाह पारिसानी या सरदार घराण्यातील कार्लोत्ता यांच्याशी झाला. कार्लोत्ता पुढे त्यांच्या प्रयोगांतील सर्वांत जवळच्या सहकारी ठरल्या.

रिएती येथील कार्य

रिएती हे रोमच्या ईशान्येस डोंगरांनी वेढलेल्या सखल मैदानातील नगर आहे. हे मैदान मुळात पाणथळ असल्याने तेथील हवा दमट असते आणि दमट हवेत तांबेरा फोफावतो. पिढ्यान्‌पिढ्या अशा हवेत टिकून राहिलेल्या स्थानिक गव्हात तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्ती आली होती, म्हणूनच रिएतीच्या बियाण्याला इटलीभर मागणी असे. पण या वाणाचा एक मोठा दोष होता. त्याचे काड उंच व लवचीक असल्याने जमीन सुपीक असली, पाऊस जास्त झाला किंवा खत घातले की पीक लोळत असे. लोळलेल्या पिकात दाणा भरत नाही, ओंब्यांना बुरशी लागते आणि कापणीही अवघड होते. त्यामुळे खत घालून उत्पादन वाढविण्याचा मार्गच बंद होता. अधिक खत म्हणजे अधिक उंच व अधिक लवकर कोसळणारे पीक असा शेतकऱ्यांचा अनुभव होता.

१९०३ मध्ये या नगरात गहू-लागवडीचे फिरते अध्यासन स्थापन झाले आणि त्यावर स्ट्राम्पेल्ली यांची नेमणूक झाली. फिरते अध्यासन ही त्या काळच्या इटलीतील एक उपयुक्त संस्था होती. तिचा प्राध्यापक गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना मार्गदर्शन करी. स्ट्राम्पेल्ली यांच्या वाट्याला पद आले, पण प्रयोगशाळा, उपकरणे व पुरेशी जमीन आली नाही. आरंभीची वर्षे त्यांनी अत्यंत तुटपुंज्या साधनांवर काढली. १९०७ मध्ये अध्यासनाचे रूपांतर सरकारी गहू संशोधन केंद्रात झाले, तेव्हा परिस्थिती थोडी सुधारली.

गहू हे स्वपरागित पीक आहे. त्याच्या प्रत्येक फुलात तीन पुंकेसर असतात आणि फूल उमलण्याच्या सुमारास ते फुटून त्याच फुलाचे परागण होते. संकर करायचा तर ही वेळ येण्यापूर्वी प्रत्येक फुलाची तुसे अलगद बाजूला करून चिमट्याने तिन्ही पुंकेसर काढावे लागतात, ओंबी झाकून ठेवावी लागते आणि योग्य दिवशी दुसऱ्या वाणाचा पराग आणून कुक्षीवर सोडावा लागतो. एका ओंबीतून या रीतीने मिळणारे दाणे मोजकेच असतात, आणि वसंतातील थोड्या दिवसांतच हे सारे उरकावे लागते. रिएतीच्या शेतात हे नाजूक काम कार्लोत्ता आपल्या पतीच्या बरोबरीने करीत असत. नोंदी ठेवण्यातही त्यांचा वाटा होता. रिएती आणि मास्सी या वाणांच्या संकरातून मिळालेल्या व १९१४ मध्ये प्रसारित झालेल्या गव्हाला स्ट्राम्पेल्ली यांनी कार्लोत्ता स्ट्राम्पेल्ली असे नाव दिले. त्या काळात संशोधकांच्या पत्नींचे श्रम बहुधा अनामिकच राहत. येथे ते निदान बियाण्याच्या पोत्यावर तरी नोंदले गेले.

संकर की निवड

विसाव्या शतकाच्या आरंभी गहू सुधारण्याचा प्रतिष्ठित मार्ग निवडीचा होता. स्थानिक वाणाच्या शेतातून उत्तम रोपे वेगळी काढायची, प्रत्येकाची संतती स्वतंत्र वाढवायची आणि त्यांतून एकजिनसी शुद्ध वंश निश्चित करायचा, अशी ती पद्धत होती. बोलोन्या येथील फ्रांचेस्को तोदारो हे इटलीतील या पद्धतीचे प्रमुख पुरस्कर्ते होते. संकरातून अस्थिर व अविश्वसनीय वाण निर्माण होतात, असे या पक्षाचे मत होते. निवडीने चांगले वाण मिळालेही. परंतु या पद्धतीला एक अंगभूत मर्यादा आहे. जे गुण त्या वाणाच्या शेतात मुळातच नाहीत, ते कितीही काटेकोर निवड केली तरी मिळू शकत नाहीत. रिएतीच्या शेतात लोळण्यास प्रतिकार करणारे ठेंगणे रोप नव्हते, म्हणून ते बाहेरूनच आणावे लागणार होते.

संकराच्या पहिल्या पिढीतील रोपे सारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत मात्र आईवडिलांचे गुण विलग होऊन नव्या जुळण्या प्रकट होतात. अनेकांना गोंधळ वाटणाऱ्या या पिढीलाच स्ट्राम्पेल्ली आपल्या कामाचा कच्चा माल मानत. तीत हवी ती जुळणी शोधायची आणि पुढील अनेक पिढ्या निवड करीत ती स्थिर करायची, हा त्यांचा क्रम होता. अडचण होती ती धान्योत्पादन या गुणाचीच. वाटाण्याच्या फुलाचा रंग एका जनुकाने ठरतो, तसे गव्हाचे उत्पादन ठरत नाही. एकरी किती ओंब्या उभ्या राहतात, प्रत्येक ओंबीत किती दाणे भरतात आणि दाण्याचे वजन किती, या तीन घटकांचा तो गुणाकार असतो. त्यांपैकी प्रत्येकावर अनेक जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो आणि एक घटक वाढला की दुसरा घटण्याची प्रवृत्ती असते. स्वीडनमधील हेर्मान निल्सन-एहले यांनी याच काळात गव्हाच्या दाण्याच्या रंगावरून दाखवून दिले होते, की अनेक जनुके मिळून एकच गुण घडवू शकतात.

उत्पादनाच्या जनुकांमागे थेट लागणे त्या काळच्या साधनांनी शक्य नव्हते. स्ट्राम्पेल्ली यांनी प्रश्न उलट बाजूने घेतला. झाडाची क्षमता असूनही शेतात उत्पादन कोणत्या कारणांनी बुडते, हे त्यांनी पाहिले. तांबेरा, पीक लोळणे आणि दाणा भरण्याच्या वेळी येणारी उन्हाळी झळ अशी तीन कारणे पुढे आली. झळ लागली की दाणा अकाली सुकून चिरमटतो. ती येण्याआधी पीक पक्व झाले तर हे नुकसान टळते, म्हणजे लवकर येणारा वाण हवा. या तिन्ही गोष्टी उत्पादनाच्या मानाने सोप्या आनुवंशिकतेच्या होत्या आणि डोळ्यांनी पारखता येत होत्या.

आकाकोमुगी आणि नवे वाण

स्ट्राम्पेल्ली यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतून गव्हाचे नमुने जमविले होते. त्यांत जपानमधील आकाकोमुगी हा एक होता. या नावाचा अर्थ लाल गहू एवढाच आहे. युरोपीय शेतकऱ्याच्या दृष्टीने हा गहू कुचकामी होता, कारण त्याचे उत्पादन कमी होते. पण तो ठेंगणा होता आणि फार लवकर पक्व होई. तोवर डच वाण विल्हेल्मिना आणि रिएती यांचा संकर स्ट्राम्पेल्लींच्या हाती होता. विल्हेल्मिनाकडून भरगच्च ओंबी व उत्पादनक्षमता आणि रिएतीकडून तांबेऱ्याचा प्रतिकार अशी ती जुळणी होती. १९१३च्या सुमारास त्यांनी या संकरात आकाकोमुगीचा पराग आणला.

या एकाच त्रिविध संकराच्या संततीतून आर्दितो, मेंताना, व्हिला ग्लोरी आणि दामियानो किएझा हे वाण निघाले. गहू-पैदाशीच्या इतिहासात एवढे फळ देणारे संकर थोडेच आहेत. नावांवरून काळही कळतो. आर्दिती हे पहिल्या महायुद्धातील इटालियन हल्ला-पथकांतील सैनिक, मेंताना व व्हिला ग्लोरी ही गॅरिबाल्डीच्या मोहिमेतील लढायांची ठिकाणे आणि दामियानो किएझा हे १९१६ मध्ये ऑस्ट्रियाने मृत्युदंड दिलेले इटालियन देशभक्त होत.

नव्या गव्हाचे काड आखूड व ताठ होते, त्यामुळे खत घातले तरी पीक उभे राही आणि खताचा लाभ काडाऐवजी दाण्याला मिळे. जुन्या वाणांपेक्षा ते बरेच आधी कापणीला येत असल्याने उत्तर इटलीत गव्हानंतर त्याच शेतात दुसरे पीक घेणे शक्य झाले. मध्य व दक्षिण इटलीच्या हिवतापग्रस्त सखल भागांत कापणी लवकर उरकण्याचा आणखी एक फायदा होता. डासांचा ऐन हंगाम सुरू होण्यापूर्वी मजुरांना शेत सोडता येई.

यामागील आनुवंशिक कारण स्ट्राम्पेल्ली यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी स्पष्ट झाले. आकाकोमुगीतून आलेले खुजेपणाचे जनुक आरएचटी-८ या नावाने ओळखले जाते. ते गव्हाच्या २डी या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे. दिवसाच्या लांबीची वाट न पाहता रोपाला लवकर फुलावर आणणारे पीपीडी-डी१ हे जनुकही त्याच बाहूवर आहे. दोन्ही जवळजवळ असल्याने ती बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. ठेंगणेपणा निवडला की लवकर पक्व होणेही बरेचदा सोबत येई. इंग्लंडमध्ये टोनी वर्लंड व सहकाऱ्यांनी मारा या इटालियन वाणाचे २डी गुणसूत्र एका फ्रेंच गव्हात बसवून या जनुकांची स्थाने निश्चित केली. आरएचटी-८ जनुकाची प्रत्यक्ष ओळख २०२२ मध्ये पटली. ते राइबोन्यूक्लिएज-एच सदृश भाग असलेले प्रथिन तयार करते. हरितक्रांतीतील गव्हांचे खुजेपण दुसऱ्या एका जपानी वाणातून, नोरिन-१० मधून आले. नोरिन-१० मधील जनुके रोपाला जिबरेलिन या वाढ-संप्रेरकास दाद देऊ देत नाहीत, तर आरएचटी-८ असलेले रोप त्याला प्रतिसाद देते. भारतात १९६०च्या दशकात मेक्सिकोमार्गे आलेले सोनोरा-६४ सारखे वाण नोरिन-१० च्या शाखेतील होत.

सेनातोरे काप्पेल्ली

दक्षिण इटलीसाठी स्ट्राम्पेल्ली यांनी पास्त्याला लागणाऱ्या डुरम गव्हावर काम केले. महाराष्ट्रात बन्सी म्हणून परिचित असलेला गहू याच प्रजातीचा आहे. येथे त्यांनी संकराऐवजी निवडीचाच मार्ग वापरला, ही गोष्ट पद्धतींच्या वादाच्या संदर्भात लक्षणीय आहे. उत्तर आफ्रिकेतील एका स्थानिक वाणातून निवडलेल्या या वंशाला त्यांनी सेनेटर राफाएले काप्पेल्ली यांचे नाव दिले. काप्पेल्ली हे कृषिसुधारणेचे पुरस्कर्ते होते आणि फोज्जा परिसरातील प्रयोगांना त्यांचे साहाय्य लाभले होते. हा वाण उंच व उशिरा येणारा होता, म्हणजे आर्दितोच्या अगदी उलट. परंतु कोरडवाहू जमिनीत तो टिकाव धरी आणि त्याच्या रव्याची प्रत उत्कृष्ट होती. १९२०च्या दशकापासून पुढे अनेक दशके तो इटलीतील प्रमुख डुरम गहू राहिला. अलीकडे सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी त्याची लागवड पुन्हा सुरू केली आहे.

धान्यलढा आणि राजकारण

१९१९ मध्ये रोम येथे राष्ट्रीय तृणधान्य आनुवंशिकी संस्था स्थापन होऊन स्ट्राम्पेल्ली तिचे संचालक झाले. रिएती, फोज्जा, सांत आंजेलो लोदिजानो अशा वेगवेगळ्या हवामानांच्या ठिकाणी तिची केंद्रे होती. एकच वाण सर्वत्र चालत नाही, हे त्यांना आरंभीच्या अपयशांतून कळून चुकले होते.

त्या काळी इटली दरवर्षी २० लाख टनांहून अधिक गहू आयात करीत असे. १९२५ मध्ये बेनितो मुसोलिनी याने धान्यलढा पुकारला आणि गव्हाबाबत स्वयंपूर्ण होणे हे राष्ट्रीय प्रतिष्ठेचे उद्दिष्ट ठरविले. या मोहिमेसाठी नेमलेल्या स्थायी समितीत स्ट्राम्पेल्ली यांचा समावेश होता आणि त्यांचे वाण हे मोहिमेचे मुख्य साधन बनले. १९२९ मध्ये त्यांची सिनेटवर नियुक्ती झाली. १९३३ मध्ये इटलीचे गव्हाचे उत्पादन सुमारे ८१ लाख टनांवर पोहोचले. हेक्टरी सरासरी उत्पादन शतकाच्या आरंभी १० क्विंटलच्या आसपास होते, ते १९३०च्या दशकात १५ क्विंटलच्या घरात गेले.

मोहिमेचे श्रेय राजवटीने स्वतःकडे घेतले. वाढीव उत्पादनामागे रासायनिक खते, यंत्रे व संरक्षक जकातही होती. परंतु लागवडीखालील क्षेत्र फारसे न वाढता उत्पादन वाढले, याचा मोठा वाटा नव्या बियाण्याचाच होता. दुसरीकडे मोहिमेची किंमतही मोजावी लागली. गव्हाला दिलेल्या संरक्षणामुळे चराऊ कुरणे व इतर पिके मागे पडली, पशुपालनाला फटका बसला आणि जकातीमुळे गरिबांची भाकरी महागली. ही धोरणे स्ट्राम्पेल्ली यांनी ठरविलेली नव्हती, तथापि त्यांनी राजवटीपासून अंतर राखले असेही म्हणता येत नाही. त्यांच्या संशोधनाला पुरेसा पैसा आणि देशव्यापी यंत्रणा मिळाली ती याच काळात. ठेंगण्या वाणांच्या झपाट्याने झालेल्या प्रसारामुळे अनेक जुने स्थानिक गहू शेतांतून नाहीसे झाले, हाही या यशाचाच भाग आहे.

अखेरची वर्षे

१९२६ मध्ये कार्लोत्ता यांचे निधन झाले. स्ट्राम्पेल्ली त्यानंतरही काम करीत राहिले. रिएतीच्या मैदानातील मठाचे नाव दिलेला सान पास्तोरे हा वाण याच उत्तरकाळातील आहे. व्हिला ग्लोरीशी केलेल्या संकरातून तो निर्माण झाला आणि महायुद्धानंतर इटलीत व युगोस्लाव्हियात मोठ्या प्रमाणावर पेरला गेला.

स्ट्राम्पेल्ली यांनी शोधनिबंध फारच थोडे लिहिले. संस्थेच्या कार्याचा १९३२ मधील वृत्तांत वगळता त्यांच्या पद्धतीची सविस्तर नोंद क्वचितच सापडते. आपले वाण हेच आपले लेखन, अशी त्यांची वृत्ती होती. विद्यापीठीय वर्तुळात त्याबद्दल त्यांच्यावर टीका होई. त्या काळी वनस्पतींच्या वाणांवर पैदासकाराचा मालकी हक्क नसल्याने बियाण्यातून त्यांना संपत्तीही मिळाली नाही. २३ जानेवारी १९४२ रोजी, युद्ध चालू असताना, रोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र बेनेदेत्तो हे नेत्रशल्यविशारद म्हणून प्रसिद्ध झाले; दाताच्या आधारे कृत्रिम पारपटल बसविण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली.

प्रभाव

फॅसिस्ट राजवटीच्या पाडावानंतर इटलीत स्ट्राम्पेल्ली यांचे नाव मागे पडले, पण त्यांचे गहू तोवर देशाबाहेर पसरले होते. अर्जेंटिनात एन्रिके क्लाइन यांनी आर्दितो आपल्या संकरांत वापरला. त्यांतून निघालेला क्लाइन-३३ हा वाण सोव्हिएत संघात पोहोचला आणि क्रास्नोदार येथे पावेल लुक्यानेंको यांनी त्याच्या वंशातून बेझोस्ताया-१ हा वाण विकसित केला. १९५९ मध्ये प्रसारित झालेला हा गहू पूर्व युरोपात आणि सोव्हिएत संघात कोट्यवधी एकरांवर पेरला गेला.

चीनमध्ये मेंतानाची निवड नानजिंग येथे नानदा-२४१९ या नावाने झाली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हा वाण ४५ लाखांहून अधिक हेक्टरांवर होता. आर्दितोच्या नावाचे चिनी रूपांतर करताना पहिले अक्षर ठेंगणा या अर्थाचे योजले गेले. नावाचा उच्चार आणि वाणाचा गुण दोन्ही त्यात आले. ब्राझीलमध्ये फ्रोंतेइरा व मेंताना यांच्या संकरातून फ्रोंताना हा तांबेऱ्याला दीर्घकाळ तोंड देणारा वाण तयार झाला आणि जगभरच्या पैदासकारांनी तो पुढे वापरला. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या आरंभीच्या वाणांपैकी केंताना हा केनिया व मेंताना यांचा संकर असून दोन्ही नावे जोडूनच त्याचे नाव बनले आहे. दक्षिण व मध्य युरोपातील गव्हांत आरएचटी-८ आजही आढळते. उन्हाळा लवकर तापणाऱ्या प्रदेशांत नोरिन-१० च्या जनुकांपेक्षा ते अधिक सोयीचे ठरते, कारण त्यामुळे रोपाची उंची घटते, पण बीज खोल पेरले असता कोंब जमिनीबाहेर येण्याची शक्ती फारशी कमी होत नाही.